पट्टी, चौकट आणि दागिना

आयोजकांनी विषय विचारला, तेव्हा 'घरातली लाकडी पट्टी' असं मी सांगितलं आणि फोनवर थोडा वेळ शांतताच झाली. तत्त्वज्ञानाच्या माणसानं, त्यातून अक्कलकोटात, आत्म्याबित्म्यावर बोलावं अशी अपेक्षा असते. पण माझ्या पुतण्यानं आमच्या जुन्या घराची पुढची खोली नव्यानं करायला काढलीय, आणि 'काका, तुमचं मत सांगा' म्हणून मला मोबाइलवर चित्रं पाठवलीत. त्या चित्रांवरच आज बोलतो.

चित्रांत काय आहे? भिंतीवर उभ्या रेघांचं, लाकडासारखं दिसणारं पीव्हीसी पॅनेल. छताच्या कडेनं पीओपीचा गोल, त्याखाली सोनेरी पट्टी. दाराभोवती एमडीएफचं मोल्डिंग. आणि जुनी सागवानी चौकट, गणेशपट्टीसकट, काढून टाकायची. तिला गिऱ्हाईकही आहे. हॉटेलवाले असलं लाकूड शोधतच असतात.

मी चाळीस वर्षांपूर्वी असतो तर एका वाक्यात निकाल दिला असता. व्हिएन्नाचा वास्तुकार अडॉल्फ लूस यानं 1910 च्या सुमारास 'अलंकार आणि गुन्हा' हे व्याख्यान दिलं. नक्षी म्हणजे वाया घालवलेले श्रम, कारागिराला त्यांचा मोबदला मिळत नाही, आणि फॅशन बदलली की चांगली वस्तूही टाकून दिली जाते, असा त्याचा मुद्दा. मी तो वर्गात तावातावानं शिकवायचो. पुढचं मात्र सांगायचो नाही. याच लूसनं आपल्या इमारतींच्या आत उंची संगमरवर आणि महोगनी मुबलक वापरलं. त्याचं वैर कोरलेल्या नक्षीशी होतं, लाकडाशी नव्हतं.

कांट यात जास्त उपयोगी पडतो. 1790 च्या आपल्या ग्रंथात त्यानं चित्राची चौकट, पुतळ्यावरचं वस्त्र, वाड्याभोवतीचे खांब ही उदाहरणं एकत्र घेतली आहेत. या गोष्टी मूळ वस्तूचा भाग नसतात, तरी त्यांचा आकार नीट असेल तर त्या सौंदर्यात भर घालतात. पण चौकट सोनेरी केली ती केवळ चित्राची शिफारस करायला, तर ती नुसती सजावट, आणि खऱ्या सौंदर्याला ती मारकच. (रा. भा. पाटणकरांनी कांटच्या सौंदर्यविचारावर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिलंय. जरूर वाचा, अवघड आहे, पण वाचा.)

पण कांटला एक गोष्ट विचारावीशी वाटते: पट्टी खरंच बाहेरची असते का? आमच्या गल्लीतल्या सुतारमामांना विचारा. भिंत आणि चौकट यांच्यात फट राहतेच. चैत्र-वैशाखात आपल्याकडे लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. ती फट गिलाव्यानं बुजवली तर दरवर्षी तडा जाणार. म्हणून वरून पट्टी मारायची, आणि खिळे एकाच बाजूला, म्हणजे दुसरी बाजू हलायला मोकळी. जमिनीलगतची पट्टी भिंतीला केरसुणीपासून आणि ओल्या फडक्यापासून वाचवते. हे झाकणं आहे, पण लबाडी नाही. दोन वेगळ्या गोष्टी जिथं भेटतात, तिथं ती पट्टी बसते.

आपल्या वाड्यांत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. पुण्यात दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा पाहा. सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलांची नक्षी. खांबाच्या माथ्यावरचं आडवं लाकूड तुळईचा भार पसरून खांबावर आणतं, आणि कोरीव काम नेमकं अशा जागी. खाली दगडी तळखडा, ओल आणि वाळवी लाकडापर्यंत येऊ नये म्हणून. नक्षी काढून टाकायची तर आधार काढावा लागेल.

आता पुतण्याच्या चित्रांकडे. छताखालच्या सोनेरी पट्टीबद्दल मी भांडणार नाही. हौस असते, असू द्या. पण ते पॅनेल मला मान्य नाही, आणि कारण केवळ रुचीचं नाही. आमच्या भिंती पांढरीच्या मातीच्या, हातभर रुंद. त्या ओल घेतात आणि सोडतात. वरून प्लास्टिक ठोकलं की ओल आत कोंडते, लोणा चढतो, वाळवीला अंधार मिळतो. पट्टी सांधा झाकते, पॅनेल दुखणं झाकतं. दिसायला दोन्ही 'लाकडी काम'.

आणि चौकट. इथं मला माझं सांगायला हवं. 1988 साली वाटणी झाली तेव्हा सोप्यातले चार खांब माझ्या हिश्शाला आले. मी ते विकले. वहिनी म्हणाल्या, 'भावजी, राहू द्या की, खातात का पितात?' मी त्यांना लूस ऐकवला. घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारी ती बाई, व्हिएन्नाचं नाव ऐकून गप्प बसली. मी वाद जिंकलो असं मला तेव्हा वाटलं. खांबांच्या जागी लोखंडी पाइप आले, ते अजून आहेत, दरवर्षी गंज खरवडून रंगवावे लागतात.

म्हणून पुतण्याला कळवलंय: पॅनेलचे पैसे वाचव, भिंतीचा चुना करून घे, फरशीलगत साधी सागवानी पट्टी बसव. चौकटीचा खालचा हात कुजलाय, तेवढाच तुकडा सुतारमामा बदलून देतील. ते गुरुवारी येणार आहेत. पुतण्याचं उत्तर अजून आलेलं नाही. प्रश्न असतील तर विचारा.