चेहरा सगळ्यांनी पाहिला, पाठ कुणी वाचली?

जुन्या नट-नट्यांची पोस्टकार्डे जमवण्याचा शौक तसा निरुपद्रवी. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी, तर कुणी मधुबालाचे हसू. परंतु कोणताही संग्रह हा नुसता साठा नसतो. काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा निवाडा त्यात झालेला असतो. कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, मग संग्रहाची का होऊ नये? या लेखात आम्ही तेवढाच प्रयत्न करणार आहोत.

पोस्टकार्ड प्रथम निघाले ते १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत. हिंदुस्थानात ते १८७९ च्या जुलैत आले, किंमत पाव आणा. सुरुवातीला एक बाजू पूर्ण पत्त्यासाठी राखून ठेवलेली असे. पुढे इंग्लंडमध्ये १९०२ साली आणि जर्मनीत १९०५ साली पाठीवर मधोमध रेघ आली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. त्यामुळे दुसरी सबंध बाजू चित्राला मोकळी मिळाली. सिनेमाला हीच बाजू सापडली. चित्रपट पाहून घरी परतताना प्रेक्षकाला सोबत नेता येईल असे काही तरी हवे होते, ते या साडेपाच बाय साडेतीन इंचांच्या कागदाने दिले.

या व्यवसायातले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे बर्लिनचे रॉस प्रकाशन. हाइनरिख रॉस याने ते १९१९ साली सुरू केले. खऱ्या फोटो-कागदावर काढलेली, तपकिरी झाक असलेली ही कार्डे जगभरचे संग्राहक आजही शोधत असतात. खाली कोपऱ्यात 'रॉस' हे नाव, कार्डाचा क्रमांक, फोटो कोणाचा आणि चित्रपट कंपनी कोणती याची नोंद. मार्लेन डीट्रिख, ग्रेटा गार्बो, कॉनराड फाइट असे सगळे चेहरे या कागदांवर आहेत.

आता चेहऱ्याखालची गोष्ट पाहा. हाइनरिख रॉस ज्यू होता. नाझी राजवटीत, १९३७ साली, त्याचा व्यवसाय त्याच्या हातून काढून घेण्यात आला. १९३९ साली तो अमेरिकेला निघून गेला आणि १९५७ साली शिकागोत वारला. पण कार्डांवर 'रॉस' हे नाव पुढेही काही वर्षे छापले जात राहिले, कारण त्या नावावर माल खपत होता. माणूस नको होता, त्याचे नाव हवे होते. कॉनराड फाइट याची बायको ज्यू, त्याने १९३३ साली जर्मनी सोडली आणि पुढे 'कॅसाब्लांका' या १९४२ च्या चित्रपटात नाझी अधिकाऱ्याचीच भूमिका केली. डीट्रिखने १९३९ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. ज्या अल्बममध्ये ही कार्डे शेजारी शेजारी बसतात, त्या अल्बममध्ये एका देशाने कोणाला ठेवले आणि कोणाला घालवले याचा हिशेब आपोआप मांडलेला असतो. मात्र तो वाचायचा तर क्रमांक, छापणाऱ्याचे नाव आणि वर्ष पाहावे लागते. नुसत्या डोळ्यांच्या काजळावर थांबून ते होत नाही.

संग्राहकांविषयी आमची पहिली तक्रार हीच आहे. बाजारात कोऱ्या पाठीच्या कार्डाला मान असतो. कुणी मजकूर लिहिलेला असला, शाई उमटलेली असली, की ते कार्ड 'खराब' ठरते. आमच्या मते नेमके उलटे असायला हवे. कोरे कार्ड एवढेच सांगते की ते विकले गेले नाही किंवा जपून ठेवले गेले. लिहिलेले कार्ड सांगते की या चेहऱ्याचा उपयोग कुणी, कुणासाठी, कोणत्या भाषेत केला. साहित्याच्या विद्यार्थ्याला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटली पाहिजे.

आपल्याकडे तर कागदाचे मोल आणखी वाढते. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्याची नायिका जुबैदा, आणि तिची आई फातमा बेगम, जिने १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित करून पहिली भारतीय स्त्री-दिग्दर्शक होण्याचा मान मिळवला. तोही चित्रपट गेला. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, तोवर बरेच काही जळून, सडून, चांदीसाठी वितळवून संपले होते. फिल्म गेली तिथे साक्ष द्यायला उरतात त्या फोटो, जाहिराती, गाण्यांच्या चोपड्या आणि पोस्टकार्डे. म्हणून या शौकाला आम्ही पोरखेळ म्हणत नाही.

आपल्या समाजात ही चित्रे आली ती ईद कार्डाच्या वाटेनेही. दिल्लीचे यूसुफ सईद यांनी जुन्या ईद कार्डांचा अभ्यास केला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात छापलेल्या चित्रकार्डांवरच उर्दूत ईदच्या शुभेच्छा छापून ती इथे विकली जात. पुढे त्या जागी सिनेमाचे तारेही आले. एका बाजूला चाँद-तारा, दुसऱ्या बाजूला नायिका, असा तो मामला. घरात तसबीर भिंतीवर लावायची नाही, नमाजच्या जागी तर नाहीच, अशी शिस्त असलेल्या घरांतही असे कार्ड ट्रंकेत, साडीच्या घडीत, किताबाच्या पानांत राहून जाई. या विषयावर उलेमांची मते आहेत, त्यांचा निवाडा करण्याची आमची पात्रता नाही. एवढेच म्हणतो की ज्या वस्तूला भिंत मिळाली नाही, तिला पेटी मिळाली, आणि कदाचित म्हणूनच ती टिकली.

आता नावांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण आपले वाचक या कार्डांकडे पाहतात ते बहुधा याच नजरेने. दिलीपकुमार म्हणजे मुहम्मद यूसुफ खान, मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ बेगम देहलवी, मीनाकुमारी म्हणजे महजबीन बानो, निम्मी म्हणजे नवाब बानो, अजित म्हणजे हमीद अली खान. ही यादी आपल्याकडे मैफलीत वाचली जाते, कधी अभिमानाने, कधी गाऱ्हाण्याच्या सुरात. गाऱ्हाणे अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. नाव बदलल्याशिवाय दार उघडत नाही अशी शंका ज्याच्या मनात कधी आली नाही, तो नशीबवान. पण समीक्षकाने यादी अर्धी वाचू नये.

उरलेली अर्धी यादी अशी. सुरैया आपल्याच नावाने गाजली. रहमान, महमूद, मेहबूब खान यांनीही नाव झाकले नाही. वहिदा रहमान यांना 'सीआयडी'च्या वेळी, म्हणजे १९५६ च्या सुमारास, नाव बदलण्याचा आग्रह झाला. त्या ठाम राहिल्या, आणि ते त्यांनी मुलाखतींतून सांगितलेही आहे. दुसरीकडे अशोककुमार हे मूळचे कुमुदलाल गांगुली. म्हणजे नाव बदलणे ही केवळ मुसलमानांवर आलेली पाळी नव्हती, धंद्याची रीतही होती. सर्वांत गमतीची बाजू ज्यू नट्यांची. रूबी मायर्स 'सुलोचना' झाल्या आणि एस्थर अब्राहम 'प्रमिला' झाल्या. पण सुसान सॉलोमन मात्र 'फिरोजा बेगम' झाल्या, आणि फ्लॉरेन्स इझिकिएल मेहबूब खान यांच्या 'आन'मध्ये, १९५२ साली, 'नादिरा' म्हणून आल्या. म्हणजे ज्या पडद्यावर मुमताजला मधुबाला व्हावे लागले, त्याच पडद्यावर ज्यू घरच्या मुलींनी मुसलमानी नावे घेतली. बेगम या शब्दालाही त्या काळी भाव होता. हे ज्याच्या यादीत नाही, त्याची यादी पुरी झाली नाही.

आणि एक बोचरी बाब. दिलीपकुमार यांचे आत्मचरित्र २०१४ साली प्रसिद्ध झाले. नाव देविकाराणी यांनी सुचवले, हे त्यात आहे. त्याचबरोबर हेही आहे की सिनेमात काम करणे वडिलांना रुचणारे नव्हते, आणि नव्या नावाच्या आडोशाने ते लपणार होते. म्हणजे 'यूसुफ' हे नाव जगापासून जितके झाकले गेले, तितकेच ते अब्बांपासून झाकले गेले. ज्या नटांवर आपण आज हक्क सांगतो, त्यांच्या धंद्याला आपल्याच घरांनी तेव्हा इज्जत दिली नव्हती. नट्यांच्या वाट्याला तर त्याहून कठोर बोल आले. कार्ड हातात घेऊन 'हे आपले' म्हणताना ही अर्धी जबाबदारीही हातात घ्यायला हवी.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. म्हणून शेवटचा मुद्दा लिपीचा. महाराष्ट्रातील कितीतरी मुस्लिम घरांत आज नाना-नानीची पिढी उर्दूत लिहिणारी आणि नातवंडे मराठी किंवा इंग्रजी माध्यमातली आहेत. नातवाला कार्डावरची मीनाकुमारी ओळखता येते, पण पाठीवर खालाने अम्मीला काय लिहिले ते वाचता येत नाही. ज्या मीनाकुमारीने 'नाज' या तखल्लुसने उर्दूत कविता लिहिल्या, तिचे चित्र आपण जपतो आणि तिची लिपी रद्दीत घालतो. उर्दू शाळेच्या पोरांना पुढे त्या भाषेचा उपयोग काय, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. एक उत्तर असे, की आपल्याच घरातली पत्रे वाचणारे कुणी तरी उरावे. सातवी-आठवीच्या मुलाला हा मजकूर अक्षर लावून वाचता येतो, आणि शेजारच्या मराठी शाळेतला त्याचा चुलतभाऊ तो देवनागरीत उतरवून घेऊ शकतो. असे दोघे एका कार्डावर बसले तर ते कोणत्याही परिसंवादापेक्षा जास्त काम करतील.

ज्यांच्याकडे अशी कार्डे आहेत, त्यांना थोडे व्यवहाराचे. डिंक किंवा चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कागदी कोपरे असलेला अल्बम पुरतो. नोंद करायची तर पाठीवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. विकत घेताना भिंगातून पाहा. बारीक ठिपके दिसले तर ते छपाईचे काम आहे, खऱ्या फोटो-कागदावर ठिपके नसतात. जुन्या फोटोच्या गडद भागात तिरप्या उजेडात चांदीसारखी झाक दिसते. कागद उजळ करणारी रसायने १९५० नंतर रुळली, त्यामुळे अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारे 'तिसाच्या दशकातले' कार्ड बहुधा नवे असते. आणि विकताना पाठीचाही फोटो काढून ठेवा. चेहऱ्याच्या प्रती हजार निघाल्या होत्या, पाठीवरचे अक्षर एकदाच लिहिले गेले आहे.

संग्रह मोठा असावा असा आमचा आग्रह नाही. दहा कार्डे असली तरी चालतील. त्या दहांची छापणारी कंपनी, वर्ष, नटाचे दोन्ही नावे, लिहिणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा नातेसंबंध एवढे ज्याने वहीत उतरवले, त्याला आम्ही संग्राहक म्हणू. बाकीच्यांकडे चित्रे आहेत, आणि चित्रे सुंदर आहेत, याबद्दल आमचे दुमत नाही.