नवसंशोधकाची ऑनलाइन ओळख : एक चिकित्सा
नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) परिसरातील अहिराणीवर मराठीतून लिहिणाऱ्या नवसंशोधकापुढे ऑनलाइन ओळख उभी करताना पहिली अडचण येते ती नावाची. एकच आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते आणि एकाच अभ्यासकाचे लेखन निरनिराळ्या नावांखाली विखुरते. २०१२ मध्ये सुरू झालेला ‘ऑर्किड’ हा संशोधकाचा १६ अंकी ओळखक्रमांक ते एकत्र आणू शकतो. प्रोफाइलचा आरंभ तेथून व्हावा, छायाचित्रापासून नव्हे.

गुणांकांचे मात्र वेगळे. रिसर्चगेटने आपला ‘आरजी स्कोअर’ २०२२ मध्ये स्वतःच मागे घेतला. (तोवर तो बायोडाटात मिरवून झाला होता!) केवळ छापील मराठी नियतकालिकांतील लेखांची उद्धरणे अशा मोजणीत क्वचितच येतात. तेथील ‘शून्य’ लेखाचा दर्जा दाखवत नाही, मोजणाऱ्याचा आवाका दाखवते.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या ‘संशोधक’ त्रैमासिकातून अभ्यासकाची ओळख होते ती त्याने उजेडात आणलेल्या साधनांवरून. प्रोफाइलवरही तसे करता येते : क्षेत्रकार्याची गावे, नोंदवलेले अहिराणी शब्द, मराठी व इंग्रजी सारांश आणि प्रकाशकाची संमती असल्यास पूर्ण लेख.