'द ब्लीडिंग एज' : अंश दिसतो, छेद दिसत नाही

किर्बी डिक या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'द ब्लीडिंग एज' हा माहितीपट २०१८ साली प्रदर्शित झाला. शरीरात कायमच्या बसवल्या जाणाऱ्या वस्तू, म्हणजे खुब्याचे कृत्रिम सांधे, आधाराच्या जाळ्या, गर्भनिरोधक स्प्रिंगा, आणि त्यांनी रुग्णांना दिलेला त्रास हा त्याचा मुख्य विषय. अत्याधुनिक तंत्रज्ञानाला इंग्रजीत हे शब्द वापरतात. पण त्यांचा 'रक्ताळणारी धार' हा शब्दशः अर्थही दिग्दर्शकाला अभिप्रेत आहे.

कामथडीला (ता. भोर) आम्ही काही शिक्षक आणि बारावीचे काही विद्यार्थी यांनी तो एकत्र पाहिला, मध्ये मध्ये थांबवून मराठीत समजावून घेत. दातांबद्दल हा माहितीपट जवळजवळ काही सांगत नाही. तरीही संपल्यावर पहिला प्रश्न दातांचाच आला. एका मुलीच्या आईला जबड्यात स्क्रू बसवून दात लावून घ्यायचा होता. तो स्क्रूही धातूचाच. मग तो बसवावा की नको? हे परीक्षण त्या प्रश्नामुळे लिहीत आहोत. माहितीपट पाहून सामान्य प्रेक्षक काय निष्कर्ष काढतो आणि काढण्यासारखा कोणता आहे, यांत बरेच अंतर पडते असे आम्हांला वाटले.

माहितीपटातला सर्वांत जमलेला भाग अलास्कातील अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. स्टीफन टॉवर यांचा. २००६ साली त्यांच्याच खुब्यात कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा बसवला गेला. पुढे हात थरथरू लागले, ऐकू कमी येऊ लागले, मन थाऱ्यावर राहीना. एका परिषदेच्या वेळी तर हॉटेलच्या खोलीच्या भिंतींवर लिहिण्यापर्यंत मजल गेली. रक्त तपासले तेव्हा कोबाल्टचे प्रमाण नेहमीच्या कितीतरी पट निघाले. सांधा काढून दुसरा बसवल्यावर मन ताळ्यावर आले. स्वतःचा आणि आणखी एका रुग्णाचा असा वृत्तान्त त्यांनी २०१० साली अस्थिशल्यविज्ञानाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केला.

हा भाग पटतो, तो टॉवर डॉक्टर आहेत म्हणून नाही. इथे संशयाला चार बाजूंनी आधार मिळाला आहे. त्रास वस्तू बसवल्यानंतर सुरू झाला, रक्तात तो धातू मोजता आला, वस्तू काढल्यावर धातूही घटला आणि त्रासही. चौथा आधार मात्र शरीराबाहेरचा, इतिहासातला आहे. १९६५-६६ मध्ये कॅनडातील क्वेबेकमध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून तिच्यात कोबाल्टचे क्षार घालत, आणि ती भरपूर पिणाऱ्यांपैकी कित्येकांना हृदयाच्या स्नायूचा गंभीर विकार जडला. जीवनसत्त्व ब-१२ मध्ये कोबाल्ट असतोच, म्हणजे अत्यल्प प्रमाणात तो हवाच. पण जास्त झाला तर काय करतो हे सांधा बाजारात येण्याच्या चाळीस वर्षे आधी माहीत होते. वर्गात 'पुरावा म्हणजे काय' हे शिकवायला इतके चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

हे चार आधार माहितीपट प्रेक्षकाला वेगळे करून दाखवत नाही, ही आमची पहिली तक्रार. टॉवर यांच्या कहाणीला जे संगीत, जो वेळ, जे क्लोजअप, तेच एस्युअर या स्प्रिंगेमुळे त्रास झालेल्या स्त्रियांच्या कहाण्यांना. एस्युअर ही बीजवाहिनीत बसवायची स्प्रिंग, निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची. अमेरिकेत तिला २००२ साली मान्यता मिळाली. ती जागची हलणे, बीजवाहिनीला भोक पडणे, रक्तस्राव होणे हे त्रास खरे होते, नोंदलेले होते. पण थकवा, केस गळणे, सांधेदुखी, विसराळूपणा यांचे काय? त्यांतले किती निकेलच्या वावड्यामुळे, किती इतर कारणांनी? या तक्रारी स्प्रिंग न बसवलेल्या हजारो स्त्रियांनाही असतात. स्प्रिंगवाल्यांत त्या जास्त आहेत का, हे पाहण्यासाठी दोन्हींकडे मोजावे लागते. माहितीपटाला त्यात फारसा रस नाही. अपूर्णांकातला अंश, म्हणजे त्रास झालेली माणसे, पडद्यावर दिसतात, बोलतात, रडतात. छेद कधीच दिसत नाही. त्रास न झालेल्या माणसाची मुलाखत कोण घेणार?

या माहितीपटाचा परिणाम झाला हे मात्र मान्य करायला हवे. तो घरोघर उपलब्ध होण्याच्या आठवडाभर आधी, जुलै २०१८ मध्ये, बायर कंपनीने एस्युअरची अमेरिकेतील विक्री वर्षअखेर थांबवत असल्याचे जाहीर केले. खप घटल्याचे कारण तिने दिले.

आता दातांकडे. दाताच्या जागी जो स्क्रू बसवतात तो बहुधा शुद्ध टायटॅनियमचा किंवा त्याच्या मिश्रधातूचा. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत असताना टायटॅनियमची नळकांडी हाडाशी इतकी एकजीव झाली की ती काढता येईनात. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, टिकले. याचे कारण टायटॅनियमवर हवेत क्षणात चढणारा ऑक्साइडचा अतिपातळ, घट्ट थर. भांड्याच्या ॲल्युमिनियमवर असतो तसाच. खुब्यातल्या त्या सांध्यात मात्र धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरत असे. चालता-फिरता माणूस वर्षाला दहा लाखांच्या घरात पावले टाकतो. प्रत्येक पावलाला धातूवर धातू घासून सूक्ष्म कण सुटणार. जबड्यातल्या स्क्रूवर दाब येतो, पण तो असा फिरत नाही. तेव्हा एका धातूचा अनुभव दुसऱ्या धातूला, आणि घासणाऱ्या वस्तूचा अनुभव स्थिर वस्तूला, सरसकट लावता येत नाही.

मग टायटॅनियमचे वावडे नसतेच का? काही दंतवैद्य तसे ठामपणे सांगतात. तेही आम्हांला पटत नाही. स्पेनमधील एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याचे आकडे फळ्यावर लिहिण्यासारखे आहेत. असे स्क्रू बसवलेले १५०० रुग्ण विचारात घेतले, पण वावड्याची चाचणी त्यांतल्या निवडक ३५ जणांचीच केली. त्यांपैकी १६ जणांना स्क्रूनंतर वावड्यासारखी लक्षणे दिसली होती किंवा स्क्रू कारण न कळता निकामी झाला होता. उरलेल्या १९ जणांना इतर वावडी किंवा तत्सम काही पूर्वेतिहास होता. पहिल्या गटात ८ जणांची चाचणी सकारात्मक आली, दुसऱ्यात एकाची. तुलनेसाठी घेतलेल्या वेगळ्या ३५ जणांत एकाचीही नाही.

विद्यार्थ्यांना विचारावे, टायटॅनियमचे वावडे किती टक्क्यांना? ९ भागिले १५०० केले तर ०.६ टक्के, अहवालात हाच आकडा आहे. ८ भागिले १६ केले तर ५० टक्के. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. पहिल्यात चाचणी न झालेल्या १४६५ जणांना वावडे नाही असे गृहीत धरले आहे; दुसऱ्यात आधीच संशय असलेली माणसे तेवढी घेतली आहेत. शिवाय टायटॅनियमसाठी त्वचेवरची चाचणी म्हणावी तशी भरवशाची नाही, कारण त्याचा ऑक्साइड त्वचेतून नीट आत शिरतच नाही. एवढ्यावरून 'असे वावडे असू शकते, पण विरळा' यापेक्षा अधिक बोलणे आम्हांला धाडसाचे वाटते.

निकेलची गोष्ट निराळी. खोट्या कानातल्यांनी पाळी चिघळलेली मुलगी प्रत्येक वर्गात सापडेल. आपल्याकडे दातावर बसणाऱ्या स्वस्त कॅपमध्ये निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू सर्रास असतो, आणि हाडात बसणाऱ्या पोलादी पट्टीत दहा टक्क्यांहून अधिक निकेल असते. म्हणजे स्क्रूवर संशय घ्यायचा आणि खरा संशयित वरच्या कॅपमध्ये बसलेला, असे होऊ शकते.

दातात भरायच्या 'चांदी'चेही तसेच. तिच्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो. अमेरिकेत ५३४ आणि पोर्तुगालमध्ये ५०७ मुलांवर केलेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २००६ साली आले. चिठ्ठी टाकावी तसे गट पाडून निम्म्या मुलांना चांदी, निम्म्यांना पांढरे मिश्रण भरले आणि मुलांकडे पाच ते सात वर्षे लक्ष ठेवले. चांदीवाल्यांच्या लघवीत पारा थोडा अधिक सापडला. बुद्धी, स्मृती यांत फरक आढळला नाही. धातू सापडणे आणि धातूने अपाय होणे या दोन वेगळ्या गोष्टी, हे याहून स्पष्ट दिसणार नाही. पण याच चांदीला लागून गालाच्या आतल्या बाजूला जाळीदार पांढरा चट्टा उठतो आणि भरण बदलल्यावर बहुधा बरा होतो, हेही दंतवैद्यकाला नीट माहीत आहे.

हा चट्टा आमच्या भागात फार जपून पाहायला हवा. इकडे मशेरी लावणाऱ्या बायका आणि तंबाखूचा बार भरणारे पुरुष कमी नाहीत. त्यांच्या तोंडातला पांढरा चट्टा ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते. असा माहितीपट पाहून कुणी 'चांदी बाधली' म्हणून दात उकरत बसला आणि चट्टा तसाच राहिला, तर त्याची किंमत मोठी आहे. स्क्रूभोवती हिरडी लाल होणे, पू येणे यामागेही वावड्यापेक्षा साठलेले किटण, धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांचाच संभव कितीतरी जास्त. त्या मुलीच्या आईला आम्ही एवढेच सुचवले, की पूर्वी कुठल्या दागिन्याने खाज सुटली असेल तर ते दंतवैद्याला आधी सांगावे, कॅप कोणत्या धातूची ते विचारावे आणि मशेरी सोडावी.

माहितीपटाबद्दल दुसरी तक्रार अशी, की खलनायक शोधण्याच्या नादात मोजणी करणारी माणसे बाजूला पडतात. टॉवर यांच्या खुब्यात बसवला होता त्या एएसआर सांध्याचे बिंग फोडण्यात सांध्यांच्या राष्ट्रीय नोंदवह्यांचा मोठा वाटा होता. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २००७ पासूनच तो अपेक्षेपेक्षा जास्त वेळा बदलावा लागत असल्याचे दिसत होते. ब्रिटनच्या नोंदवहीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के सांधे बदलावे लागल्याचे आढळले आणि ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने तो जगभरातून परत घेतला. तोवर सुमारे ९३,००० माणसांत तो बसला होता. पाच-सात टॉवर निरनिराळ्या गावी असते तर प्रत्येकाला आपल्यापुरतेच दुर्दैव वाटले असते. छेद ठाऊक असलेल्या वहीनेच त्याला नमुना म्हणून ओळखले.

आपल्याकडे अशी वही नव्हती. भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रारही नोंदवली होती. केंद्र सरकारने २०१७ साली डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस तिने केली. पण समितीपुढे आलेला आकडा असा, की ४,७०० पैकी माग लागला तो १,०८० जणांचा. बाकीचे साडेतीन हजारांवर लोक कुठे आहेत, त्यांना काय झाले, कुणालाच सांगता येईना. हा प्रसंग या माहितीपटात असता तर तो आम्हांला जास्त आवडला असता. अर्थात त्यात रडणारा चेहरा नाही, फक्त रिकामी रकाने आहेत. वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१५ साली सुरू झाला. तो डॉक्टरांनी आणि रुग्णांनी कळवलेल्या माहितीवर चालतो, आणि कळवायचे तर आत काय आहे हे माहीत असावे लागते.

पुणे–सातारा रस्त्यालगतच्या गावांतून अपघातानंतर पायात सळई किंवा पट्टी बसलेली माणसे पुष्कळ. विद्यार्थ्यांनी घरातले, आळीतले जुने कागद आणून दाखवले. 'पट्टी बसवली' एवढेच बहुतेकांवर लिहिलेले; धातू कोणता, कंपनी कोणती, क्रमांक कोणता, काही नाही. वास्तविक अशा वस्तूच्या वेष्टनात क्रमांकाच्या चिकटपट्ट्या येतात. त्यांतली एक रुग्णाच्या कागदावर लावणे हे मिनिटाचे काम आहे. दाताच्या स्क्रूलाही ती असते, मागून घ्यावी.

माहितीपट इंग्रजीत असून शंभर मिनिटांच्या आसपास आहे. जाळ्यांच्या आणि एस्युअरच्या भागात लैंगिक आयुष्याविषयी उघड बोलणे आहे, तेव्हा शिक्षकांनी आधी स्वतः पाहून घ्यावा. एकाच तासिकेत बसवायचा असेल तर टॉवर यांचा भाग दाखवून उरलेला वेळ स्पेनच्या आकड्यांना द्यावा, असे आम्ही सुचवू.