विमानाची उपमा पुरेशी आहे का?

संगणकाची हार्ड डिस्क समजावून देताना एक उपमा हमखास वापरली जाते. फिरत्या तबकडीवरून सरकणारे वाचन-लेखन हेड म्हणजे जमिनीला जवळजवळ चिकटून उडणारे जंबो जेट विमान! मुलांना ही उपमा आवडते, आपल्यालाही आवडते. पण ती ऐकून मुलाच्या मनात काय उरते? अभियंत्यांनी हेड आणखी खाली आणण्याचे धाडस केले, म्हणून साठवणक्षमता वाढली, एवढेच. हा समज तपासून पाहायला हवा.

उपमेत तथ्य आहे. हेड खरोखर वायूच्या पातळ थरावर तरंगते. आयबीएमच्या १९५६ मधील रामॅक यंत्रात हा थर दाबाखालील हवा सोडून राखावा लागे. अंतर होते सुमारे २० मायक्रोमीटर. १९६२ च्या १३०१ या यंत्रात तबकडीबरोबर ओढली जाणारी हवाच हेडला उचलू लागली. हेड खाली झुकले की फटीतील दाब वाढतो आणि ते वर ढकलले जाते. येथे वैमानिकाचे कसब नाही. स्वतःच तोल सावरणारी रचना आहे. विमानाची उपमा नेमके हेच झाकते.

मुळात इतके खाली जायचे कशासाठी? चुंबकीय नोंदीचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. नोंदीच्या एका तरंगलांबीइतके अंतर वाढले, तर संकेत सुमारे ५३५ पट दुबळा होतो. नोंद जितकी आखूड, तितके जवळ जाणे भाग आहे. ही हौस नसून गरज आहे.

आता थोडा हिशेब करू. रामॅकमध्ये एका चौरस इंचात सुमारे २,००० बिट मावत. आज १ लाख कोटींहून अधिक मावतात. वाढ झाली ५० कोटी पट. हेड आणि चुंबकीय थर यांमधील अंतर आज ५ ते १० नॅनोमीटर असते. ५ धरले, तरी ते ४,००० पटच घटले. बिटची लांबी आणि रुंदी दोन्ही त्याच प्रमाणात घटल्या असे मानून ४,००० चा वर्ग केला, तर १ कोटी ६० लाख येतात. तरीही सुमारे ३० पटींचा फरक उरतो. तो उपमेबाहेरच्या सुधारणांनी भरून काढला आहे. शिवाय, लहान बिट धरून ठेवणारा थर आणि तो वाचणारे हेड नसेल, तर नुसती फट कमी करून काहीच साधत नाही.

हे मुलांना दाखवायचे, तर त्यांच्या ओळखीचे माप घ्यावे. रायगड जिल्ह्यातील कासूची शाळा समजा. ९५ मिलिमीटर व्यासाची तबकडी २ लाख पट मोठी केली, तर व्यास १९ किलोमीटर होईल. तिची एक कड पेणला ठेवली, तर दुसरी कासू ओलांडून नागोठण्याच्या दिशेने जाईल. या अफाट पटांगणावर हेड १ मिलिमीटर उंचीवर असेल. पण ट्रॅक असेल सुमारे १ सेंटिमीटर रुंद, एक बिट अडीच मिलिमीटर लांब, आणि ज्या धातुकणांनी ते बिट बनते तो प्रत्येक कण मोहरीएवढा. एका बिटात जेमतेम दहा मोहऱ्या!

खरा पेच येथे आहे. कण थोडे असले, तर बिटची कड ओबडधोबड होऊन वाचताना गोंगाट वाढतो. कण लहान करावेत, तर नेहमीच्या तापमानाची उष्णताच त्यांची चुंबकीय दिशा उलटवू शकते. अधिक पक्के चुंबकीय द्रव्य घ्यावे, तर हेडला त्यावर लिहिता येत नाही. शुनिची इवासाकी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली उभ्या नोंदीची कल्पना २००५ मध्ये बाजारात आली, ती या पेचातून वाट काढण्यासाठी. लोह-प्लॅटिनमच्या थरावरील बिंदू लेसरने क्षणभर तापवून लिहिण्याची आजची पद्धतही त्यासाठीच. वाचनाची बाजू फेर आणि ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये शोधलेल्या महाचुंबकरोध परिणामाने सावरली; १९९७ पासून तो हेडमध्ये वापरला गेला.

म्हणून विमान जरूर उडवावे, पण वर्गात पुढचा प्रश्नही विचारावा: खालची जमीन कशाची बनली आहे? मूठभर मोहरी फळ्याजवळ ठेवली, तर या प्रश्नावर तास रंगेल.