‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

‘गाडीची रेस अडकली’ असे आपण म्हणतो, तेव्हा निरनिराळ्या बिघाडांना एकच नाव देत असतो. त्यांतला नेमका कोणता, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचा एक मोठा तपास अमेरिकेत झाला. ‘नासा’च्या अभियंत्यांनी केलेल्या त्या तपासाचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विज्ञानशिक्षकांनी तो जाणून घ्यावा असे आम्हांला वाटते. त्याचे कारण त्याचे गुण आहेत, तसाच त्याच्या सारांशाने केलेला घोटाळाही आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटा कंपनीच्या एका लेक्सस मोटारीचे पेडल चुकीच्या मापाच्या मॅटमध्ये अडकले. गाडी बेफाम धावली आणि चौघे दगावले. कंपनीने लाखो गाड्या परत बोलावल्या. आधी मॅटसाठी, मग जानेवारी २०१० मध्ये चिकटणाऱ्या पेडलसाठी. तरी संशय उरलाच, की खरा दोष इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर नाही?

जुन्या मोटारीत पेडलपासून इंजिनाच्या हवेच्या झडपेपर्यंत, म्हणजे थ्रॉटलपर्यंत, केबल असे. आजच्या बहुतेक गाड्यांत ती नाही. पाय किती दाबला हे पेडलचे दोन संवेदक संगणकाला सांगतात. संगणक छोट्या मोटरने झडप फिरवतो. झडपेवरही दोन संवेदक असतात. दोघांची साक्ष जुळली नाही, तर संगणक इंजिनाची ताकद कमी करून इशाऱ्याचा दिवा लावतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या लायगो-इंडिया वेधशाळेची उभारणी मंजूर झाली आहे, तिच्या अमेरिकेतील भगिनी-यंत्रांनी २०१५ मध्ये गुरुत्वीय लहर टिपली ती याच तत्त्वाच्या आधारे. सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांनी एकच खूण दाखवली, म्हणून ती खरी मानता आली. अट एवढीच, की साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र हवेत.

अहवालाचे बळ येथेच दिसते. बिघडलेल्या एका पेडलमध्ये तपासकांना कथिलाच्या पृष्ठभागावर आपोआप वाढलेला, केसाहून बारीक तंतू सापडला. त्याने दोन्ही संवेदकांचे संकेत एकमेकांना जोडले होते. साक्षीदारांचे स्वातंत्र्यच गेले! अशा दोषावर दुसऱ्या दोषाची भर पडली तर ठरावीक परिस्थितीत संगणक फसू शकतो, हे त्यांनी दाखवले. पण मोठ्या अपघातांमागे हेच कारण होते, याचा पुरावा मिळाला नाही हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. संगणकाच्या आज्ञावलीच्या सुमारे २ लाख ८० हजार ओळी तपासूनही तसा पुरावा मिळाला नाही. पुरावा न सापडणे म्हणजे ती गोष्ट घडूच शकत नाही असे नव्हे, असे अहवाल स्वतःच बजावतो.

घोटाळा झाला तो सारांशात. निकाल लागला, इलेक्ट्रॉनिक कारण नाही, असे वाहतूकमंत्र्यांनी ठासून जाहीर केले. ‘आम्हांला सापडले नाही’ याचे ‘ते नाहीच’ असे रूपांतर झाले. पुढे २०१३ मध्ये ओक्लाहोमातील एका खटल्यात आज्ञावलीतील दोषांविषयी तज्ज्ञांची साक्ष ऐकून ज्यूरीने कंपनीला जबाबदार धरले. लगेच दुसऱ्या टोकाचा सूर उमटला, की संगणकच गुन्हेगार. तोही तितकाच घाईचा होता. ज्यूरीचा कौल म्हणजे प्रयोग नव्हे. शिवाय मॅट आणि पेडल ही कारणे खरीच होती. त्यांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल कंपनीला २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरावे लागले. आणि काही अपघातग्रस्त गाड्यांच्या नोंदयंत्रांत ब्रेक दाबल्याची खूणच नव्हती, म्हणजे पाय चुकीच्या पेडलवर पडला असावा.

आपल्याकडच्या वाहनचालकाने यातून घ्यायचा तो तपासाचा क्रम. सोप्यापासून सुरुवात करावी. गाडी बंद ठेवून मॅट काढावी, पेडल हाताने दाबून सोडावे. ते अडखळत परतले तर दोष पेडलमध्ये. मॅट एकच असावी, हुकात पक्की बसलेली. त्यानंतर पाहायची ती झडप. एअर फिल्टर खराब असेल तर काळ्या मातीची धूळ आत जाते. इंजिनातील तेलाच्या वाफेशी मिळून तिचा चिकट थर झडपेच्या कडेला बसतो. फिल्टर वेळेवर बदलावा. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नये, आतले दाते मोडू शकतात. ती कारागिराकडूनच साफ करून घ्यावी. शेवटी स्कॅनर लावावा. ‘पी २१३५’ किंवा ‘पी २१३८’ हे संकेतांक दोन संवेदकांची साक्ष जुळत नसल्याचे सांगतात.

चालत्या गाडीत रेस अडकलीच, तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरावा. तो पुन्हा पुन्हा मारू नये, कारण पेट्रोल इंजिनाची झडप उघडी असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी नव्याने तयार होत नाही आणि पेडल जड होते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून कडेला थांबवावी, मग इंजिन बंद करावे. चालत्या गाडीची किल्ली काढू नये. स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते.

वर्गात हा तपास सांगताना फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘पाहिले’, ‘प्रयोगाने दाखवले’ आणि ‘शोधले पण सापडले नाही’. वरचे प्रत्येक विधान कोणत्या रकान्यात बसते, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे. मंत्र्यांचे विधान कोठे लिहायचे, यावर त्यांना वाद घालू द्यावा.