४५० कॅलरी भरल्या, ताट भरले का?

शालेय पोषण आहाराचा, म्हणजे २०२१ पासूनच्या 'पीएम पोषण'चा निकष असा आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. किनवटसारख्या डोंगराळ, आदिवासी तालुक्यात या जेवणाचे मोल मोठे आहे. म्हणूनच निकष तपासून पाहायला हवा.

हिशेब करू. तांदळाच्या सुमारे ३५६ कॅलरी, तूरडाळीच्या ६६, तेलाच्या ४५, भाजीच्या १५. बेरीज ४८२. प्रथिने तांदळातून ८ आणि डाळीतून ४ ग्रॅम. आकडे जुळले! पण जवळजवळ तीन चतुर्थांश ऊर्जा एकट्या भातातून आली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसभरात धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. एका जेवणातले उणे दुसऱ्यात भरून निघू शकते, हे खरे. परंतु ज्या घरी रात्रीही भाकरीवरच भर असतो, तिथे ते भरणार कसे?

शिवाय सगळी प्रथिने सारखी नसतात. वाढीला लागणारे लायसिन हे अमिनो आम्ल धान्यात कमी, डाळीत भरपूर असते. भाताऐवजी ज्वारी दिली तर लोह व तंतू वाढतील, पण लायसिनची उणीव राहीलच.

आता धान्य ८० ग्रॅम आणि डाळ ४० ग्रॅम करून पाहा. कॅलरी ४७७, म्हणजे जवळपास तेवढ्याच. प्रथिने मात्र १५ ग्रॅम, आणि तीही अधिक कसदार. मग असे का होत नाही? तांदूळ केंद्राकडून मोफत येतो. डाळ, भाजी, तेल मात्र तुटपुंज्या आहार खर्चात बसवावे लागते. एका अंड्यातून ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. राज्याने २०२३ मध्ये आठवड्याला अंडे किंवा केळे सुरू केले, पण जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा स्वतंत्र निधी थांबवला.

कॅलरीचा आकडा पोट भरल्याचे सांगतो, शरीर घडल्याचे नाही. निकषात कॅलरी व प्रथिनांबरोबर धान्य आणि डाळ यांचे प्रमाणही असावे, आणि डाळीसाठी पैसाही. तोवर सातवी-आठवीच्या वर्गात हाच हिशेब फळ्यावर मांडता येईल. त्यांचा निकष ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिने. धान्य १५०, डाळ ३०, भाजी ७५ आणि तेल साडेसात ग्रॅम. टक्केवारी मुलांनाच काढू द्या.