पुलाला आलेले पत्र

जुन्या पुलाजवळच्या टपरीवर चहाला थांबले की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. पूल ब्रिटिशांच्या काळातला असतो. तो बांधणाऱ्या विलायतेतल्या कंपनीचे आपल्या सरकारला पत्र आलेले असते : पुलाचे शंभर वर्षांचे आयुष्य संपले, आता वाहतूक बंद करा. सांगणारा शेवटी मान हलवतो, “बघा, त्यांना अजून आठवण आहे.” गेली काही वर्षे मी पुलांविषयी मिळेल ते वाचतो, ऐकतो, टिपून ठेवतो. ही कथा मी इतक्या वेगवेगळ्या पुलांबद्दल ऐकली आहे की तिचे आता नवल वाटत नाही. ते पत्र मात्र मला आजवर कुणी दाखवलेले नाही. म्हणून तिच्याकडे बातमी म्हणून न पाहता लोककथा म्हणून पाहावे असे मला वाटते.

कथेला थोडा आधार आहे. रेल्वेचे अनेक जुने पूल खाजगी कंपन्यांनी बांधले आणि त्यांचे लोखंडी गर्डर विलायतेहून आले. काही गर्डरांवर कारखान्याचे नाव आणि साल अजून वाचता येते. पण रस्त्यांवरच्या दगडी कमानींचे बहुतेक पूल सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने इथल्याच दगडाचुन्यात, इथल्याच गवंड्यांच्या हातून उभे केले. ते खाते आजही आहे. त्या पुलांचे नकाशे आणि नोंदी राखण्याचे काम वारशाने त्याच्याकडेच आले. म्हणजे कथेतले पत्र पाठवणारा आणि ते घेणारा यांचा पत्ता खरे तर एकच आहे. आपल्याच कपाटातून यायला हवी ती आठवण कथा परदेशातून मागवते.

कथेचे दुसरे गृहीतक वयाचे आहे : पुलाला औषधाच्या बाटलीसारखी मुदत असते. गोव्यात जाऊन पाहिले तर ते टिकत नाही. पणजीचा मांडवीवरचा पूल 1970 साली खुला झाला आणि 5 जुलै 1986 रोजी कोसळला, अवघ्या सोळा वर्षांचा असताना. त्याच पणजीतून रायबंदरला जाणारा पोर्तुगीजांचा लांबलचक दगडी पूल 1634 सालचा आहे आणि त्यावरून आजही वाहने जातात. दगडी कमानीत प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्यावर दाबून बसतो, गंजावे असे तिच्यात फारसे काही नसते. काँक्रीटच्या आत पोलाद असते. खारी हवा आणि पाणी तिथवर पोचले की ते गंजते, गंज जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते. दगडी पुलाची दुखणी वेगळी. सांध्यातला चुना पावसाने धुऊन जातो, तिथे पिंपळ रुजतो आणि त्याची मुळे चिरे सरकवतात. पिंपळ रोप असताना उपटला तर काम हातानेच होते, झाड झाल्यावर कमानच उकलावी लागते. पुलाचे आयुष्य ठरते ते अशा वेळेवर झालेल्या किंवा राहून गेलेल्या कामांवर.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि 1928 सालचा कमानींचा पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार अंधारात नदीत गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो सुरक्षित असल्याचे आढळले होते, असे नंतर सांगण्यात आले. उन्हाळ्यातल्या पाहणीला काय दिसते, हा यातला कळीचा प्रश्न आहे. पुराचे पाणी खांबाच्या पायथ्याची माती उकरते, आणि पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरून येतो. वरून पाहणाऱ्याला पात्र जसेच्या तसे दिसते. खांबाखाली उतरून, पाण्यात जाऊन पाहिल्याशिवाय ती जखम कळत नाही. सावित्रीवरचा नवा पूल मात्र 165 दिवसांत उभा राहिला आणि त्याचे योग्य कौतुकही झाले. जुन्याकडे नीट पाहायला असे दिवस का मिळत नाहीत, हे कुणी विचारले नाही.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी कोसळला. तो ब्रिटिशकालीन नव्हता. त्याचे स्ट्रक्चरल ऑडिट झाले होते, आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला होता. मला हा अहवाल लोककथेतल्या पत्राचाच भाऊ वाटतो. एक कागद म्हणतो पूल संपला, दुसरा म्हणतो पूल ठीक आहे, आणि कागद आल्यावर पुलाकडे बघायची गरज कुणालाच उरत नाही.

आपली भाषाही याला हातभार लावते. पूल ‘बांधला’ म्हणताना बांधणारा असतो, त्याचे नाव कोनशिलेवर कोरलेले असते. पूल ‘पडला’ म्हणताना कर्ता पूलच. मधल्या साठ-सत्तर वर्षांसाठी ‘राखला’ हे क्रियापद मराठीत आहे, आपण ते शेताला, गुरांना, घराला लावतो. पुलाच्या बातमीत ते मला क्वचितच भेटले. ‘ब्रिटिशकालीन’ हे विशेषण मात्र दर वेळी भेटते, आणि मृत्यूचे कारण म्हणून वापरले जाते.

तरीही त्या टपरीवरच्या माणसाला मी हसणार नाही. पुलाची कुठेतरी नोंद असावी, कुणीतरी वर्षे मोजत असावे आणि धोका दिसताच आपल्याला कळवावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे. तिच्यात चूक काही नाही, चुकले आहे ते फक्त पत्र कुठून यायचे ते. कोनशिलेशेजारी एक साधी पाटी लावता येईल : शेवटची पाहणी कधी झाली, कुणी केली, पाण्याखाली उतरून केली का, काय आढळले, त्यातले काय दुरुस्त झाले. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा ती बदलावी. एसटीतून पुलावर जाणाऱ्याला ते पत्र वाचण्याचा हक्क आहे, आणि ते मराठीत असावे.